प्रेशर किती किलो, म्हणजे पाणी किती उंच

आमच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगी पट्ट्यात कुणाच्याही मोसंबीच्या बागेत जा आणि विचारा, ड्रिपला प्रेशर किती मिळतं? उत्तर येतं, "चांगलं हाय की", नाहीतर "पाच एचपीची मोटर हाय, प्रेशरला काय कमी". आकडा कुणी सांगत नाही. फिल्टरपाशी प्रेशर दाखवणारं गेज बसवलेलं असतं पण त्याची काच फुटलेली, काटा गंजून एका जागी बसलेला, आणि नवं टाकायचं कुणी मनावर घेत नाही कारण त्याच्यावाचून पाणी तर येतंच आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं. मोटर, स्टार्टर, फिल्टर, पाइप, नळ्या यावर एवढा पैसा घालायचा आणि या सगळ्याचं आत नेमकं काय चाललंय हे सांगणारी एकच वस्तू, तीही काही शेकड्यात मिळणारी, तीच बंद. मी ड्रिपच्या कामात आहे, बीएस्सीला फिजिक्स होतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं होतं.

सुरुवात दुकानापासून करू. पीव्हीसी पाइप घेताना आपण म्हणतो चार केजीचा दे, सहा केजीचा दे. हा किलो पाइपच्या वजनाचा नाही. पाइपच्या आतल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, किती किलोचा जोर पाइप कायम सहन करू शकतो तो हा आकडा. प्रेशर म्हणजे एवढंच, जोर भागिले जागा. पुस्तकात हे न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये असतं आणि त्याला पास्कल म्हणतात, पण एक पास्कल इतका बारीक आहे की शेतात त्याचा उपयोग नाही, आपला एक किलो म्हणजे जवळपास ९८ हजार पास्कल. गेजवर बार लिहिलेलं असेल तर बार आणि किलो जवळपास सारखेच धरा. पीएसआय असेल तर १४.२ पीएसआयचा एक किलो. टायरमध्ये ३० हवा भरतो ना, ती साधारण २.१ किलो.

आता खरी गोष्ट. एक नळी घ्या, तळ बरोबर एक चौरस सेंटिमीटरचा, उभी धरा आणि दहा मीटरपर्यंत पाणी भरा. किती पाणी लागेल? दहा मीटर म्हणजे हजार सेंटिमीटर, म्हणजे हजार घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे तळाच्या एक चौरस सेंटिमीटरवर एक किलो. झालं! एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर उंच पाणी, फुटात सांगायचं तर तेहतीस फूट. मी कुणालाही दुसरं काही सांगत नाही, हे एवढंच पाठ करा म्हणतो. गेजवर दीड किलो दिसलं तर समजायचं की तिथं उभी नळी लावली असती तर पाणी पंधरा मीटर चढलं असतं. प्रेशर ही डोळ्याला न दिसणारी गोष्ट आहे म्हणून ती अवघड वाटते, ती उंची म्हणून बघितली की दिसायला लागते.

यातून पहिला गैरसमज लगेच जातो. स्लॅबवरची टाकी ५०० लिटरची काढून २००० लिटरची बसवली की नळाला प्रेशर वाढेल असं लई लोकांना वाटतं. नाही वाढणार. टाकीतलं पाणी नळापासून तीन मीटर वर असेल तर प्रेशर ०.३ किलो, टाकी केवढीही असो. वाढवायचं असेल तर टाकी उंच करा. हे मनाला पटत नाही हे मला माहीत आहे, जास्त पाणी म्हणजे जास्त वजन, मग जोर जास्त का नाही? कारण ते जास्तीचं वजन टाकीच्या जास्तीच्या तळानं उचललेलं असतं, जागा वाढली, वजनही त्याच हिशोबात वाढलं, दोघांचा भागाकार तोच राहिला. टाकी तिरक्या भिंतीची असेल तर जास्तीचं वजन त्या भिंती पेलतात. सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश इंजिनिअरनं १५८६ मध्येच हे मांडून ठेवलं होतं की तळावरचं प्रेशर भांड्याच्या आकारावर नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतं.

आपल्याकडं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय. पैठणला जायकवाडीची भिंत साधारण दहा किलोमीटर लांब, आणि तिच्यामागं पाणी कित्येक किलोमीटर पसरलेलं. काठावर उभं राहिलं की वाटतं हे एवढं सगळं पाणी भिंतीला ढकलतंय. पण भिंतीला कळते ती फक्त तिच्यासमोरची खोली. तीस मीटर खोलीवर तीन किलो, म्हणजे तिथल्या एक चौरस मीटरवर तीस टन, मग मागं पाणी पाच किलोमीटर असो नाहीतर पन्नास. पाण्याचा जोर नुसता खाली नसतो, आडवाही तेवढाच आणि वरच्या बाजूलाही तेवढाच असतो, म्हणून तर धरणाची भिंत आडव्या जोरानं सरकू नये इतकी जड लागते आणि खाली रुंद, वर निमुळती करतात, कारण खाली जोर जास्त. मातीच्या धरणात तर पाणी थोडंफार आत झिरपतंच, ते मातीच्या कणांमधे किती प्रेशरनं बसलंय हे बघायला धरणाच्या पोटात पिझोमीटर सोडलेले असतात. त्यातला सगळ्यात साधा प्रकार म्हणजे उभी नळी, तिच्यात पाणी किती चढलं ते मोजायचं. हे प्रेशर वाढत गेलं तर मातीची पकड सैल होते, म्हणून त्या नळ्यांच्या नोंदी ठेवणं धरणाच्या सुरक्षेचं काम आहे. पावसाळ्यात आपण टीव्हीवर टक्के बघत बसतो, तिकडं कुणीतरी हे आकडे लिहीत असतं.

संभाजीनगरची पाणचक्की बघितली असेल. शहराबाहेरच्या उंच जागेवरच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून आणलंय, आणि ते इथं उंच भिंतीत चढून हौदात पडतं. ना वीज ना मोटर. पाणी आपल्या मूळ उंचीच्या जवळपास परत चढायला बघतं, वाटेत घासण्यात जेवढं जातं तेवढी उंची कमी. मलिक अंबरनं शहराला पाणी आणायला बांधलेल्या नहरीवरही वाटेत उभे मनोरे आहेत. खापराच्या नळाला आणि चुन्याच्या सांध्याला आपल्या पीव्हीसीसारखे चार-सहा किलो झेपणार नाहीत, उघड्या मनोऱ्यात पाणी वर येतं, अडकलेली हवा निघून जाते, आणि तिथं पाणी जेवढं चढलेलं दिसतं तेवढंच त्या जागेचं प्रेशर. म्हणजे मनोरा हाच गेज. सतराव्या शतकात या लोकांनी हे करून दाखवलं, आपण मुलांना तिथं फोटो काढायला नेतो आणि ही गोष्ट सांगतच नाही.

बोअरकडं वळू. पाणी ३०० फुटावर असेल तर नुसतं जमिनीच्या तोंडापर्यंत आणायलाच नऊ किलोच्या वर प्रेशर लागतं, आणि कॉलम पाइपच्या, म्हणजे बोअरमधल्या उभ्या पाइपच्या, सगळ्यात खालच्या जोडावर पाण्याचं ते सगळं प्रेशर असतं, शिवाय मोटर आणि पाइपात भरलेल्या पाण्याचं वजन सगळ्यात वरच्या जोडाला पेलावं लागतं. मोटरच्या प्लेटवर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मीटरमध्ये लिहिलेला असतो तो याचसाठी. आता "पाच एचपी हाय, प्रेशरला काय कमी" याचं उत्तर. एचपी म्हणजे पाणी किती आणि उंची किती यांचा गुणाकार. तेच पाच एचपी भरपूर पाणी थोड्या उंचीवर देतील, नाहीतर थोडं पाणी लई उंचीवर. प्रेशर पंपात किती स्टेज आहेत त्यावर जातं, सबमर्सिबलमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायच्या मोटरमध्ये, एकावर एक बसवलेल्या फिरत्या चकत्यांची प्रत्येक स्टेज थोडीथोडी उंची वाढवत नेते. उन्हाळ्यात बोअरचं पाणी शंभर फूट खाली गेलं की तीच मोटर, तेच ड्रिप, पण तीन किलो प्रेशर किंवा त्या बदल्यात बरंचसं पाणी गेलेलं असतं. मोटर खराब झाली म्हणून वायंडिंगवाल्याकडं नेण्याआधी पाणी किती खाली गेलं ते मोजा.

विहिरीवरच्या मोटरचं वेगळं. ती वर बसून पाणी ओढते, आणि जुन्या लोकांना माहीत आहे की पाणी वीस-पंचवीस फुटांपेक्षा खाली गेलं की मोटर विहिरीत खाली घ्यावी लागते. जास्त एचपीची बसवून का जमत नाही? कारण मोटर पाणी ओढतच नाही. ती पाइपातली हवा कमी करते आणि बाहेरची हवा विहिरीच्या पाण्यावर दाब देऊन पाणी वर ढकलते. सगळ्या वातावरणाचा जोर समुद्रकाठी साधारण १०.३ मीटर पाण्याएवढा, आपण पाचशे-सहाशे मीटर उंचीवर म्हणून आपल्याकडं साडेनऊ-पावणेदहा मीटरच, त्यातून घर्षण आणि बाकीचं वजा केलं की हातात सात मीटर उरतात. मोटर कितीही मोठी असली तरी हवा स्वतःपेक्षा जास्त जोर लावू शकत नाही.

इटलीतल्या पंपवाल्यांना हीच अडचण आली होती, दहा मीटरच्या वर पाणी चढेना. टोरिचेल्ली नावाच्या तिथल्याच शास्त्रज्ञानं पाण्याऐवजी पारा घेतला, पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून दहा मीटरची नळी नको, मीटरभराची पुरते. १६४३ मधला हा प्रयोग. एका बाजूनं बंद काचेची नळी पाऱ्यानं भरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली, पारा सगळा पडला नाही, साधारण ७६० मिलिमीटरवर थांबला. तो बॅरोमीटर. मग फ्रान्सच्या पास्कलनं, ज्याच्या नावाचं वर सांगितलेलं माप आहे, विचार केला की हे जर हवेचं वजन असेल तर डोंगरावर पारा कमी भरला पाहिजे, आणि १९ सप्टेंबर १६४८ ला त्याचा मेव्हणा पेरिए प्युई द डोम डोंगरावर नळी घेऊन चढला, वर पारा आठ सेंटिमीटरच्या आसपास कमी भरला. दुसरी नळी खाली पायथ्याशी ठेवून एकाला ती दिवसभर बघत बसवलं होतं, तिच्यात फरक पडला नाही. मला यातलं ते खाली बसवलेलं माणूसच जास्त आवडतं. हवा त्या दिवशी आपोआप बदलली नव्हती हे त्याच्यामुळंच सिद्ध झालं.

आता गेज. उघडून बघायला मिळालं तर जरूर बघा. आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली धातूची चपटी नळी असते, एक टोक पाण्याकडं उघडं, दुसरं बंद. आत प्रेशर आलं की चपटी नळी गोल व्हायला बघते आणि त्या नादात सरळ व्हायला लागते, बंद टोक किंचित हलतं, दातेरी चाकं ते हलणं वाढवून काट्याला देतात. एझेन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाची ही १८४९ मधली कल्पना, अजून जगभर तीच चालते. काही गेजमध्ये ग्लिसरीन भरलेलं असतं, ते काट्याचं थरथरणं कमी करतं, मोटरजवळ तेच घ्या. आणि शून्य ते दहा किलोचं घेऊ नका! ड्रिपला लागतं एक-दीड किलो, मग काटा एका कोपऱ्यातच हलतो आणि पाव किलोचा फरक कळतच नाही. शून्य ते चारचं घ्या म्हणजे काटा मधोमध राहील. हे गेज बाहेरच्या हवेला शून्य धरतं एवढंही लक्षात ठेवा, पंक्चर टायरचं माप शून्य येतं पण आत हवा असतेच, बाहेरच्याएवढीच. हल्ली ऑटोमेशनवाल्या सेटमध्ये काटा नसतो, बारीक पडदा दबला की त्याच्यावरच्या तारेचा रेझिस्टन्स बदलतो आणि तो आकडा मोबाइलवर येतो. तत्त्व तेच, कशाला तरी दाबून किती वाकलं ते बघायचं.

सँड फिल्टरला गेज दोन लागतात, आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक. एकाचा आकडा कामाचा नाही, दोघांमधला फरक बघायचा. स्वच्छ फिल्टरला फरक थोडा, कचरा भरला की वाढत जातो, अर्धा किलोच्या पुढं गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, केलाच पाहिजे. गाळाचं पाणी असलेल्या शेततळ्यावर हे फार लवकर होतं. व्हेंचुरीनं, म्हणजे ड्रिपच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या मधे अरुंद नळीनं, खत ओढलं जात नाही ही तक्रारही फरकाचीच. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात पाणी जोरात पळतं, तिथलं प्रेशर हवेपेक्षा खाली जातं, मग बादलीतलं खत बाहेरची हवाच आत ढकलते. पण त्यासाठी व्हेंचुरीच्या दोन टोकांत पुरेसा फरक पाहिजे, तो मिळाला नाही तर खत कुठून जाणार.

एक गोष्ट मात्र जपून. व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज बघितलं तर आकडा छान दिसतो. पाणी उभं असताना घर्षण नाही, त्यामुळं प्रेशर कुठं खर्च होत नाही. व्हॉल्व्ह उघडला, पाणी पळायला लागलं की खर्च सुरू, आणि तो वेगाच्या साधारण वर्गाच्या हिशोबात वाढतो. पैसे वाचवायला ७५ मिलिमीटरच्या जागी ६३ चा पाइप टाकला तर तेवढंच पाणी न्यायला घर्षणात दुपटीहून जास्त प्रेशर जातं. पाइप एकदाच घेतो आपण, लाइटबिल दरवर्षी भरतो. म्हणून प्रेशर चालू पाण्यात मोजायचं, आणि फिल्टरपाशी मोजून थांबायचं नाही, शेवटच्या नळीच्या शेवटच्या टोकाला मोजायचं.

कारण झाडाला प्रेशर मिळत नाही, पाणी मिळतं. साध्या ड्रिपरचं, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाचं, पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबात बदलतं. एक किलोला तासाला ४ लिटर देणारा ड्रिपर अर्ध्या किलोला २ नाही, २.८ लिटर देतो, आणि पाव किलोला २ लिटर. म्हणजे तोंडाच्या मोसंबीला चार आणि शेवटच्या ओळीला दोन, खतही त्याच हिशोबात, आणि मग आपण म्हणतो शेवटच्या ओळीची जमीनच हलकी आहे. असेलही हलकी. पण आधी मोजा तर. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरमध्ये रबराचा पडदा असतो, प्रेशर वाढलं की तो वाट अरुंद करतो, त्यामुळं ठरलेल्या मर्यादेत पाणी जवळपास सारखं पडतं. चढउताराच्या रानाला तेच घ्या, थोडे महाग पडले तरी.

गावातल्या नळाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्यात जलकुंभ पंधरा मीटर उंच असला तरी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की गल्लीच्या शेवटाला काही पोचत नाही. मग लोक नळालाच मोटर लावतात. त्यांचा त्रास मला कळतो, लेकरंबाळं घेऊन हंडे भरत कोण बसणार. पण नळाला मोटर लावली की लाइनमधलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा खाली जाऊ शकतं, आणि मग जिथं जिथं पाइपला चीर आहे तिथून पाणी बाहेर यायच्या ऐवजी बाहेरचं आत ओढलं जातं. त्या चिरेशेजारी नाली असेल तर नालीचं. आणि ते एका घरात नाही, सगळ्या गल्लीत जातं. पाइपात कायम प्रेशर असणं हे घाण आत येऊ न देण्याचं मोठं साधन आहे, म्हणून रोज थोडा वेळ पाणी मागणं ही चैनीची मागणी नाही.

बीपी हेही हेच. १२० म्हणजे पाऱ्याचे १२० मिलिमीटर, पाण्यात सांगायचं तर साधारण १६३ सेंटिमीटर. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या रोहिणीत नळी घालून काचेच्या उभ्या नळीत रक्त चढू दिलं होतं, ते आठ फुटांच्या वर गेलं, १७३३ मध्ये त्यानं हे छापलं. आता दंडाला पट्टा बांधून काम होतं, पण उंचीचा नियम सुटलेला नाही. पट्टा हृदयाच्या उंचीला पाहिजे. हात खाली लोंबत असेल तर रक्ताच्या उंचीचा फरक आकड्यात येतो, दर दहा सेंटिमीटरला साडेसात-आठ. म्हणजे वीस सेंटिमीटर खाली असलेल्या हातानं १२५ चं १४० दिसू शकतं. घरी मशीन असेल तर आईचा हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवा, मगच बटण दाबा.

आणि ज्यांना ड्रिप टाकायचंय त्यांच्यासाठी एक काम. गवंड्याकडं ती पारदर्शक लेव्हल पाइप असते ना, पाणी भरलेली, तिचे दोन टोक दोन ठिकाणी धरले की पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला येतं. ती दिवसभर मागून आणा. फिल्टर जिथं बसणार तिथून सुरू करून, टप्प्याटप्प्यानं, बागेच्या सगळ्यात दूरच्या कोपऱ्यापर्यंत जा आणि प्रत्येक टप्प्याचा चढ-उतार वहीत लिहा. कोपरा पाच मीटर वर निघाला तर तिथं अर्धा किलो कमी मिळणार, खाली निघाला तर अर्धा किलो जास्त. तो आकडा घेऊन मग डीलरकडं जा आणि त्याला विचारा की शेवटच्या टोकाला चालू पाण्यात किती किलो देणार, ते कोटेशनवर लिहून दे.